ओळखीच्यांचा देश

रसिक : आयर्लंडमधलं माझं पहिलं बाहेरचं जेवण मला एका ताटातल्या दोन प्रकारच्या बटाट्यांवरून आठवतं. टिपरेरीतलं छोटं गाव, दुपारचा एक. तिथल्या पबमध्ये दुपारी जे जेवण मिळतं त्याला ‘कार्व्हरी’ म्हणतात. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, पलीकडे एप्रन बांधलेला माणूस लांब सुरीनं भाजलेल्या मांसाचे काप काढत असतो. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्यानं ग्रेव्हीचा डाव परत भांड्यात ठेवला, आत गेला आणि लोण्याची वाटी घेऊन आला. कुस्करलेला बटाटा, त्याला टेकून भट्टीत भाजलेला बटाटा, गाजर, कोबी. माझ्यामागे गमबुटांना चिखल लागलेला शेतकरी होता, त्याच्यामागे टाय लावलेला बँकेतला माणूस. कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. ते रांगेत आलेच नाहीत. त्यांचं ताट न सांगता त्यांच्यापुढे गेलं, मांस बारीक कापून. कुणी उपकार केल्याचा आव आणला नाही. तेव्हापासून माझं मत बनलं आहे की या देशात बाहेर जेवणं, मत देणं आणि पुस्तक वाचणं यांच्या मुळाशी एकच सवय आहे. माणसं एकमेकांच्या हाताच्या अंतरावर राहतात.

चिकित्सक : ताट तुम्ही बरोबर पाहिलंत. मीही तिथं नऊ वर्षं काढली, असं ताट पुष्कळदा खाल्लं. पण एका दुपारवरून अख्ख्या देशाची नाडी बघायला माझं मन घेत नाही. हाताच्या अंतरावर राहणाऱ्यांचा देश म्हणता, तर आधी त्या बटाट्याचाच हिशेब करू. १८४५ मध्ये पिकावर करपा पडला आणि पुढची सात वर्षं दुष्काळ चालला. सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तेवढीच बोटीत बसून निघून गेली, आणि त्याच वर्षांत धान्य, लोणी, जनावरं बंदरांतून बाहेर जात होती. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर ८१ लाख माणसं होती. आज उत्तर आणि दक्षिण मिळून ७० लाखांच्या आसपास आहेत. पावणेदोनशे वर्षांनंतरही तो आकडा भरून आलेला नाही. हा देश सोडून गेलेल्यांचाही आहे, आणि गेलेल्यांना तिथं मत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या आयरिश नागरिकाला टपालानं मत देता येत नाही. २०१५ च्या समलिंगी विवाहाच्या आणि २०१८ च्या गर्भपाताच्या सार्वमतांना तरुण मुलं लंडनहून, न्यूयॉर्कहून, पार सिडनीहून तिकीट काढून आली ती याचमुळे.

दुसरं म्हणजे, तुमच्या रांगेत पंचविशीतली किती माणसं होती? डब्लिनमधला पंचवीस वर्षांचा मुलगा दुपारी पेट्रोल पंपाच्या दुकानातून चिकन फिलेट रोल घेतो आणि गाडीत बसून खातो. संध्याकाळी आईवडिलांच्या घरी, शाळेत असताना जी खोली होती त्याच खोलीत झोपतो, कारण शहरातलं भाडं त्याला परवडत नाही. तुमच्या चित्रात तो कुठं बसतो, ते मला सांगा.

रसिक : घराच्या प्रश्नावर मी तुमच्याशी भांडणार नाही, तो तिथला सगळ्यात मोठा घाव आहे. पण त्या रोलच्या काउंटरवरही कान देऊन उभे राहा. पाव कुठला, लोणी लावू की मेयो, चिकन साधं की तिखट, आणि हे विचारता विचारता काल रात्रीचा हर्लिंगचा सामना, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मागची रांग खोळंबली तरी कुणी कुरकुरत नाही. हे बोलणं त्या देशाच्या राजकारणातही पोचलं आहे, आणि तिथं ते नुसतं गोड राहत नाही, कामाला येतं.

त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे की दर वीस ते तीस हजार लोकसंख्येमागे एक लोकप्रतिनिधी हवा. आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार एका आमदारामागे सुमारे ३ लाख ९० हजार माणसं येतात. तिथला खासदार, ज्याला ते टीडी म्हणतात, बाजारात भाजी घेताना भेटतो. मतदानाची पद्धत आपल्याला विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांमुळे ठाऊक आहे. पहिली पसंती, दुसरी पसंती, कोटा, वरची मतं पुढच्याकडे वळवणं. फरक एवढाच की आपल्याकडे ते ठरावीक निवडणुकांपुरतं आहे, तिथं प्रत्येक माणूस सार्वत्रिक निवडणुकीत तसंच मत देतो. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून जातात. त्यामुळे प्रचाराला दारात आलेला उमेदवार तुमचं पहिलं मत दुसऱ्याला जाणार हे कळल्यावर तोंड फिरवत नाही. म्हणतो, ठीक आहे, मग मला दुसरी नाहीतर तिसरी पसंती द्या. विरोधकाच्या मतदाराशीही गोड राहावं लागतं, कारण शेवटची जागा तिसऱ्या-चौथ्या पसंतीवर ठरू शकते. सत्ताधाऱ्यांनी ही पद्धत मोडायचा दोनदा प्रयत्न केला, १९५९ आणि १९६८ मध्ये. दोन्ही वेळा लोकांनी सार्वमतात नाही म्हटलं.

आणि मोजणी! २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मी एका मोजणी केंद्रावर गेलो होतो. मोठा हॉल, मधे टेबलं, टेबलांभोवती कंबरेएवढा कठडा. कर्मचारी मतपत्रिका उलगडून सुलट्या ठेवतात आणि कठड्याबाहेर पक्षांचे कार्यकर्ते पोट कठड्यावर टेकवून, मान लांब करून, हातातल्या पॅडवर पेन्सिलनं रेघा मारत असतात. पाच झाल्या की आडवी रेघ. याला ते ‘टॅली’ म्हणतात. एकाची नजर चुकली तर शेजारचा दुसऱ्या पक्षाचा माणूस सांगतो, ते मत तुझ्या उमेदवाराचं होतं. दुपारपर्यंत त्यांना कळलेलं असतं कुठल्या गल्लीनं कुणाला मत दिलं, आणि अधिकृत आकडे पुढे तिसऱ्या दिवसापर्यंत येत राहतात. मधे एकदा सरकारनं ५ कोटी युरोंहून अधिक खर्चून मतदान यंत्रं आणली होती. कागदाचा पुरावा नसलेल्या यंत्रावर लोकांचा विश्वास बसला नाही. ती गोदामात पडून राहिली आणि २०१२ मध्ये भंगारात गेली. ज्या देशाला आपलं मत डोळ्यांनी मोजलेलं बघायचं असतं, त्या देशातली जवळीक मला मोलाची वाटते.

चिकित्सक : टॅलीचं मलाही कौतुक आहे. पण तुम्ही आताच एक वाक्य बोलून गेलात, कुठल्या गल्लीनं कुणाला मत दिलं ते दुपारपर्यंत कळतं. ते पुन्हा एकदा म्हणून बघा. आपल्या मराठीत ‘ओळख’ हा शब्द दोन कामं करतो. माणूस माहीत असणं ही ओळख, आणि अडलेलं काम होण्यासाठी लागते तीही ओळख. ‘तिथं कुणाशी ओळख आहे का?’ असं आपण विचारतो तेव्हा माणुसकीबद्दल विचारत नसतो. आयर्लंडच्या राजकारणात ही दुसरी ओळख फार खोल रुजलेली आहे. दर शनिवारी टीडी एखाद्या हॉटेलच्या खोलीत नाहीतर स्वतःच्या कार्यालयात बसतो आणि लोक गाऱ्हाणी घेऊन येतात. रस्त्यातला खड्डा, आजोबांचं मेडिकल कार्ड, बांधकामाची परवानगी. ज्या गोष्टी अर्ज केला की हक्कानं मिळायला हव्यात, त्या त्याच्या एका पत्रानं मिळाल्यासारख्या वाटतात, आणि माणूस जन्मभर मिंधा राहतो. एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकाच मतदारसंघात उभे असतात. त्यांच्या धोरणात फरक नसतो, मग चढाओढ कशाची? कोण जास्त मयतींना गेला याची.

१९२२-२३ च्या यादवीनंतर जे दोन पक्ष घडले, त्यांच्यापलीकडचा पंतप्रधान त्या देशानं आजवर पाहिलेला नाही. २०२० मध्ये तर दोघं एकत्र सरकारात बसले, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बसले ते अपक्षांच्या टेकूवर. आपल्या भागातला रस्ता, आपल्या भागातलं रुग्णालय, याची यादी खिशात घेऊन आलेले अपक्ष. शंभर वर्षं एवढ्या जवळून बघितलेलं राजकारण घरांसारखा देशभराचा प्रश्न सोडवू शकलं नाही. मला वाटतं, फार जवळून बघितल्यामुळेच सोडवू शकलं नाही. खड्डा जवळून दिसतो. घरं का बांधली जात नाहीत, हे जवळून दिसत नाही.

रसिक : मयतींचा उल्लेख तुम्ही मतांच्या हिशेबात केलात, म्हणून थांबतो तिथं. मला त्यातलं राजकारण दिसतं, पण तेवढंच दिसत नाही. माणूस गेला की दोन-तीन दिवसांत माती. स्थानिक रेडिओवर रोज मृतांची नावं वाचतात, आणि लोक चहाचा कप हातात धरून ऐकतात, कुणी आपलं आहे का. मग संध्याकाळी रांग लागते. पुढच्या बाकावर घरची माणसं बसलेली. एकेकानं यायचं, हात हातात घ्यायचा, एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं, तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं, आणि पुढं सरकायचं. मृत माणसाला तुम्ही कधी पाहिलं नसलं, फक्त त्याच्या मुलीबरोबर काम करत असलात, तरी जायचं असतं. माझ्या शेजारच्या आजी गेल्या तेव्हा मी त्या रांगेत दीड तास उभा होतो. नंतर गावच्या सभागृहात चहा आणि त्रिकोणी कापलेले हॅम सँडविच. मला बघून कुणीतरी अंड्याच्या सँडविचची ताटली शोधून आणली. शोक कसा करायचा हे त्या मुलांना एकट्यानं ठरवावं लागलं नाही. आपल्याकडे दहा दिवस माणसं भेटायला येत राहतात, त्यातला आधार ज्याला ठाऊक आहे त्याला हे सांगावं लागणार नाही.

त्यांच्या साहित्यातही हे उतरलं आहे. मार्तिन ओ काइन यांची ‘क्रे ना किले’ ही आयरिश भाषेतली कादंबरी १९४९ ची. तिच्यातली सगळी पात्रं मेलेली आहेत, आणि थडग्यात पडल्या पडल्या गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढताहेत. मेल्यावरही ज्यांचं बोलणं थांबत नाही अशी माणसं कल्पायला तसाच समाज लागतो.

चिकित्सक : ती कादंबरी इंग्रजीत कधी आली सांगा? २०१५ मध्ये. सहासष्ट वर्षांनी. तोवर बहुतेक आयरिश माणसांना आपल्याच देशातली ही मोठी कादंबरी वाचता येत नव्हती. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी आम्हाला आयरिश येतं असं लिहिलं. शाळेबाहेर ती रोज बोलणारे ७२ हजारांच्या आत. येतं म्हणणं आणि बोलणं यांतलं हे अंतर मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते फक्त भाषेपुरतं नाही.

तुम्ही त्या देशाला बोलका म्हणता. मी म्हणते, बोलण्याचा उपयोग तिथं न बोलण्यासाठी फार झाला. च्यूअम नावाचं गाव गॉलवे परगण्यात आहे. तिथं अविवाहित मातांसाठी नन चालवत असलेला एक आश्रम होता, १९२५ ते १९६१. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास लिहिणाऱ्या बाईंनी एकेक मृत्यूची नोंद काढत आकडा जुळवला. ७९६ मुलं. दफनाची नोंद जवळजवळ कुणाचीच नाही. तिथली माती उकरायचं काम सुरू व्हायला २०२५ चा जुलै उजाडला. ज्या गावात प्रत्येक मयतीला रांग लागते, त्याच गावात ७९६ मुलांना रांग लागली नाही. ज्या मुलीला दिवस गेले ती कुठं गेली, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असायचं. ज्यांच्याकडे कपडे धुवायला जायचे त्या ननांच्या मॅग्डलीन धुलाईघरांत कोंडलेल्या कोण बायका राबतात, हेही ठाऊक असायचं. त्यातलं शेवटचं धुलाईघर १९९६ मध्ये बंद झालं. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांची ताकद मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. एकमेकांच्या हाताच्या अंतरावर राहणारी माणसं एकमेकांचं तोंडही दाबू शकतात.

पुस्तकांचं तेच. १९२९ चा सेन्सॉरचा कायदा घ्या. जॉन मॅकगहर्न यांच्या ‘द डार्क’वर १९६५ मध्ये बंदी आली आणि त्यांची शिक्षकाची नोकरी गेली. एडना ओब्रायन यांची ‘द कंट्री गर्ल्स’ १९६० ची, तिच्यावरही बंदी. जॉइस ‘युलिसिस’मध्ये डब्लिनची एकेक गल्ली लिहितो, पण त्रिएस्ते, झुरिक आणि पॅरिसमध्ये बसून, आणि १९२२ मध्ये ते छापतं पॅरिसमधलं एक दुकान. बेकेट तर पॅरिसला जाऊन फ्रेंचमध्ये लिहायला लागला. त्या देशानं एवढे लेखक दिले याचं श्रेय तुम्ही जेवणाच्या टेबलाला देता. माझ्या मते त्या टेबलावर जे बोलता येत नव्हतं ते परदेशी जाऊन लिहावं लागलं, म्हणून ती पुस्तकं झाली.

रसिक : यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही. च्यूअमबद्दल तर काही बोलायचा माझा अधिकारच नाही. पण कॅथरीन कॉर्लेस कोण होत्या? त्याच भागातल्या, त्याच शाळेत शिकलेल्या. आश्रमातली मुलं त्यांच्या वर्गात वेगळी बसवलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. बाहेरून आलेल्या पत्रकाराला जी नोंद शोधावीशी वाटली नाही ती त्यांना शोधावीशी वाटली, ती जवळ राहिल्यामुळे. आणि एडना ओब्रायन यांचं पुढं काय झालं तेही पाहा. बंदी घातलेली पुस्तकं बारा वर्षांनी मोकळी करायचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्या लंडनला राहिल्या, तिथंच २०२४ च्या जुलैत वारल्या. पण दफन झालं क्लेअर परगण्यात, त्यांच्या गावाजवळच्या लॉख डर्ग सरोवरातल्या बेटावर. राष्ट्राध्यक्ष अंत्यविधीला होते. होडीतून शवपेटी नेताना काठावर जी माणसं उभी होती, त्यांतल्या कित्येकांच्या आयांनी ते पुस्तक उशीखाली लपवून वाचलं असेल.

चिकित्सक : साठ वर्षं उशिरा.

रसिक : उशिरा, कबूल. पण आजचं पाहा. कुठल्याही गावच्या ग्रंथालयाचं सभासदत्व फुकट आहे, आणि २०१९ पासून पुस्तक उशिरा परत केलं तरी दंड नाही. २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देणारी योजना सुरू झाली, पात्र अर्जांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना. क्लेअर कीगनची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ ही कादंबरी त्याच धुलाईघरांबद्दल आहे, आणि ती आता आयर्लंडमधल्या घराघरांत आहे. बाहेर जाऊन लिहावं लागत होतं ते आता घरात बसून लिहितात आणि घरातलेच वाचतात. राजकारणातही तसंच काही घडलं. २०१६ मध्ये ९९ नागरिक निवडले, ओळखीचे नव्हेत, नमुना म्हणून उचललेले, एकमेकांना अनोळखी. मालाहाइडच्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी गोल टेबलांभोवती बसून त्यांनी पाच वेळा गर्भपाताच्या प्रश्नावर डॉक्टरांना, वकिलांना, त्यातून गेलेल्या बायकांना ऐकलं. पुढाऱ्यांना जो विषय तोंडात घ्यायची भीती वाटत होती, तो त्यांनी खुला केला. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं, ६६.४ टक्के लोकांनी राज्यघटनेतली बंदी काढून टाकली. एकेकाळी ज्यावर कुजबुजायची चोरी होती त्यावर देशानं मोकळेपणी बोलून निर्णय घेतला. ही बोलण्याची ताकद नाही तर काय?

चिकित्सक : त्या ९९ जणांच्या आधी एक बाई होती. ती बेळगावची होती. सविता हलप्पनवार, ३१ वर्षांची दंतवैद्य, गॉलवेत राहणारी. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं, तिनं गर्भपात मागितला, आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गानं ती गेली. असं काही होऊ शकतं हे तिथल्या बायकांना ठाऊक नव्हतं का? होतं. गर्भपातासाठी त्या गप्प इंग्लंडची बोट पकडत होत्या. सविताच्या घरच्यांनी उघड सांगितलं, कारण त्या गावात त्यांना कुणाची भीड नव्हती. चार लोकांत त्यांचं नातं, शेती, दुकान गुंतलेलं नव्हतं. तुमच्या जवळिकीनं जे तीस वर्षं झाकलं ते एका परक्या कुटुंबानं उघडं केलं. त्यासाठी तिचा जीव जावा लागला, हे मी विसरू शकत नाही. तुम्हीही विसरू नका.

रसिक : नाही विसरत. मतदानाच्या त्या आठवड्यात मी डब्लिनमधल्या पोर्टोबेलोला गेलो होतो. तिथं एका पबच्या शेजारच्या भिंतीवर तिचं मोठं चित्र रंगवलं होतं. लोक छोट्या चिठ्ठ्या लिहून भिंतीला चिकटवत होते. पिवळ्या, गुलाबी, काही वहीचं पान फाडून. बहुतेकांवर एवढंच, माफ कर. एक बाई लिहून चिकटवून गेली आणि वळून पुन्हा आली, कारण चिठ्ठी वाऱ्यानं सुटत होती. तिनं ती अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरली. त्या शेकडो चिठ्ठ्या नंतर डब्लिन शहराच्या ग्रंथालयानं जपून ठेवल्या. परकी म्हणून तिला विसरले नाहीत. तिच्या नावाची ओळख आज तिथल्या शाळकरी मुलीलाही आहे. आणि त्या सार्वमताच्या वेळी पंतप्रधान कोण होते? लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, आई वॉटरफर्ड परगण्यातली नर्स.

चिकित्सक : वराडकर डब्लिनमध्ये जन्मले, तिथल्या शाळेत गेले, आई तिथली. ते परके नव्हतेच. माझा प्रश्न काल विमानातून उतरलेल्या नर्सबद्दल आहे, रेस्टॉरंटच्या मुदपाकखान्यात रात्री बारापर्यंत भांडी घासणाऱ्या मुलाबद्दल आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या मध्यभागी बस जाळल्या. १९ जुलै २०२५ ला टॅला या उपनगरात एका भारतीय माणसाला टोळक्यानं रस्त्यात मारलं. ऑगस्टमध्ये भारतीय वकिलातीला सूचना काढावी लागली, निर्जन भागात जाऊ नका. फिनिक्स पार्कमधला भारत दिनाचा सोहळा पुढं ढकलला. २०२५ मधलं हे सगळं अशा वेळी, जेव्हा तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या बेघरांचा आकडा १५,००० च्या वर गेला होता. घर नाही, त्याचा राग घरासाठी रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसावर निघतो. ओळखीच्यांच्या देशात ज्याला कुणी ओळखत नाही त्याचं काय, हा माझा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. तुमच्या पबमधल्या त्या आजोबांचं मांस कापून दिलं, कारण ते कोण आहेत हे ठाऊक होतं.

रसिक : आणि माझ्यासाठी लोणी आणलं, तेव्हा मी कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो पुरावा मी सोडणार नाही. टॅलातही त्या माणसाला रक्ताळलेला पाहून गाडी थांबवणारी आणि नंतर कॅमेऱ्यापुढं उभी राहून जे पाहिलं ते सांगणारी बाई त्याच भागातली होती. त्याच टॅलानं केरळहून आलेल्या बेबी पेरेप्पाडन यांना नगरसेवक केलं, आणि २०२४ मध्ये ते दक्षिण डब्लिनचे महापौर झाले. पण तुमचं म्हणणं मला वेगळ्या ठिकाणी लागलं. मी आतापर्यंत दोन गोष्टी एकत्र धरत होतो. एक जवळीक ओळखीतून येते, पब, मयत, टीडीचं पत्र. ती उबदार आहे आणि तिला ठरलेल्या भिंती आहेत. दुसरी जवळीक मुद्दाम, नियम करून घडवावी लागते. पसंतीक्रमाचं मत, टॅलीचा कठडा, दंड नसलेलं ग्रंथालय, ९९ अनोळखी माणसांचं गोल टेबल. आयर्लंडला जे साधलं ते या दुसरीमुळे साधलं असावं, आणि मी त्याचं श्रेय पहिलीला देत होतो.

चिकित्सक : इतपत मीही येते. पण नियमाच्या जवळिकीवर फार भार टाकू नका. मार्च २०२४ चं सार्वमत आठवा. कुटुंबाची व्याख्या आणि घरातल्या बाईच्या कर्तव्याचं जुनं कलम बदलायचं होतं. त्याआधीही नागरिकांची सभा बसली होती, तिनं शिफारशी दिल्या होत्या. सरकारनं शब्द आपल्या सोयीनं फिरवले आणि लोकांनी दोन्ही प्रस्ताव फेटाळले, देखभालीचा तर जवळजवळ ७४ टक्क्यांनी. टेबल अनोळखी माणसांचं होतं, पण टेबलावरून उठल्यावर निर्णय पुन्हा ओळखीच्यांच्या खोलीत गेला. आणि तुमचं ते दुसरं टेबल भाडं भरत नाही. छप्पर असलेला माणूसच शनिवार-रविवार मालाहाइडला जाऊन बसू शकतो.

रसिक : म्हणजे घर हा जवळिकीचा पहिला नियम.

चिकित्सक : असेल. तो तिथं अजून झालेला नाही. होईल की नाही, हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्हीही खात्री देऊ नका. त्यापेक्षा तिथं राहणाऱ्या आपल्या माणसांना एक गोष्ट सांगा, कारण नऊ वर्षांत मला भेटलेल्या दहातल्या आठांना ती ठाऊक नव्हती. डॉलसाठी, म्हणजे टीडी निवडायला, मत द्यायला आयरिश नाहीतर ब्रिटिश नागरिकत्व लागतं. नगर आणि परगणा परिषदांच्या निवडणुकीला ते लागत नाही. वर्क परमिटवर गेल्या महिन्यात कॉर्कला उतरलेली कोल्हापूरची नर्सही त्यात मत देऊ शकते, उभीही राहू शकते. पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे. नाव नोंदवायला पीपीएस नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, जन्मतारीख आणि घराचा एअरकोड, म्हणजे तिथला पिनकोड, एवढं पुरतं. ते आजच नोंदवा.